चूलबंद आवतण

१

"तात्यापाऱ्यात कोण जेवायला येईल?" असं मला रायपुरात ज्यांनी ज्यांनी विचारलं, ते सगळे पुढे माझ्याच दारात चपला काढून रांगेत उभे राहिले. हे मी आधीच सांगून टाकतो. नंतर सवड मिळेलच असं नाही.

तात्यापाऱ्यातली आमची गल्ली तशी बघण्यासारखी नव्हती. गंजलेली शटरं, डोक्यावर तारांचा गुंता, भिंतींच्या भेगांतून उगवलेली पिंपळाची रोपं, आणि नालीवरच्या फरश्या अशा की नवख्यानं खाली बघूनच चालावं. ज्यांची ऐपत झाली ते समता कॉलोनीत निघून गेले, बाकीचे जागा विकली जाण्याची वाट बघत बसले. आमचं घराणं भोसल्यांच्या काळापासून इथलं. गुडघे दुखायला लागले तसे माझे वडील, नाना, तेही समता कॉलोनीत गेले. मी मात्र उलट्या दिशेनं आलो. बायको स्नेहल आणि सहा वर्षांची श्रावणी यांना घेऊन एका जुन्या लोखंडी सामानाच्या गोदामावरच्या खोल्यांमध्ये राहायला लागलो, आणि खालच्या गोदामात 'पंगत' सुरू केली.

खुर्च्या नाहीत, टेबलं नाहीत. जमिनीवर लांब पट्ट्या अंथरलेल्या, पुढ्यात पळसाची पत्रावळ, वर पिवळे दिवे. एका कोपऱ्यात कुणीतरी गिटार घेऊन गातंय, मोहाच्या फुलांचं सरबत काचेच्या पेल्यात, आणि वाढायला वडाभात, झुणका, तांदळाच्या उकडीचा फरा. पॉश शंकर नगरची पोरंपोट्टी, जी चमच्याशिवाय पोहे खात नव्हती, ती माझ्याकडे मांडी घालून बोटं चाटत बसायची. आमचं बघून गल्लीत आणखी दोघांनी शटरं वर केली. एकानं गच्चीवर गाण्याचं काढलं, दुसऱ्यानं कॉफीचं. संध्याकाळी गल्लीच्या तोंडाशी गाड्या लावायला जागा मिळेनाशी झाली. ज्या भिंतींकडे बघून लोक नाक मुरडायचे, त्यांच्यासमोर उभं राहून आता फोटो काढायचे. माझी कॉलर ताठ झाली, आणि का होऊ नये?

माझ्या भिंतीवर मी पेंटरकडून दोन वाक्यं मोठ्या अक्षरांत लिहून घेतली होती. एक, 'सगळे बसल्याशिवाय वाढायचं नाही.' दुसरं, 'पुरे म्हणेपर्यंत वाढायचं.' हे आमच्या घरचे नियम. पाहुण्यानं पत्रावळीवर हात आडवा धरला की वाढपी थांबणार, त्याआधी नाही.

'पंगत' उभी करायचं काम चालू असताना दिवे लावायच्या सुमारास मी चहाचा कप घेऊन दाराच्या पायरीवर बसायचो. गल्ली जागी होण्याआधीची ती वेळ. शेजारच्या अरुंद दुमजली घरातून रोज त्या वेळी फोडणीचा वास यायचा. मोहरी, लसूण, किंचित धूर. भूक लागावी असा वास. मी तो छाती भरून घ्यायचो आणि आत जाऊन दिवे लावायचो.

त्या घराला कुलूप होतं, हे मला माहीत होतं. पण वास कुठून कुठे जातो याचा विचार कोण करतो?

२

सुरू करण्याआधी गल्लीला आवतण द्यायचं, हे माझ्या मनात पक्कं होतं. मोबाइलवर निरोप टाकून नाही. तबकात कुंकवाच्या अक्षता घेऊन, घरोघर, आमच्या रीतीनं. स्नेहल वर्ध्याची, तिला हे माहीतच होतं. श्रावणीला जरीचा परकर घातला, तिच्या कडेवर तिची बाहुली, चिमी. आम्ही एकेका उंबऱ्यावर अक्षता ठेवत निघालो.

आमच्याकडे आवतणाचे दोन प्रकार. 'घरटी एक' म्हणजे घरातून एकानं यायचं. आणि 'चूलबंद' म्हणजे त्या घरात त्या दिवशी चूल पेटवायचीच नाही, लहानथोर सगळ्यांनी आपल्याकडे जेवायचं. चूलबंद द्यायला छाती लागते. मी सबंध गल्लीला चूलबंद दिलं.

शेजारच्या बंद घरापाशी आलो तेव्हा स्नेहल पुढे चालायला लागली. मी तिला थांबवलं.

"ओळीतलं घर टाकायचं नसते," मी म्हटलं.

"अरे, कुलूप आहे तिथं. कोणाले देऊन राहिला आवतण?"

"घराले."

समोरच्या दुकानातून देवीदास टेलर मान वर करून बघत होता. बघणारा असला की मला जरा जोर चढतो, हे खरं आहे. मी श्रावणीकडून त्या उंबऱ्यावर अक्षता ठेववल्या, गंजलेल्या पत्र्याच्या दारावर थाप मारली आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हटलं, "चूलबंद आहे हं! घरटी एक नाही. तान्ह्या लेकरापासून सगळ्यांनी यायचं. पंगत आपलीच समजा!"

देवीदास हसला. "भैया, अंदर चूहे होंगे. वो तो पूरे खानदान समेत आएँगे."

"येऊ दे की," मी म्हटलं. "आमच्याकडे कमी नाही पडत."

श्रावणीनं चिमीलाही वाकवून त्या दाराला नमस्कार करायला लावला.

३

पहिल्या संध्याकाळपासून पंगत भरली. मीही वाढत होतो, भैय्यालालही वाढत होता. भैय्यालाल म्हणजे आमचा आचारी, धमतरीकडचा, लग्नाच्या पंगती उठवून उठवून त्याचे केस पांढरे झालेले. गल्लीतले लोक आले, कॉलोन्यांमधले आले, नाचगाणं झालं. सगळ्यात मागची रांग तेवढी अंधारात होती, तिथला दिवा वारंवार जायचा. तरी तीही भरलेली दिसत होती. मी लांबूनच हात जोडले.

आवरताना मागच्या रांगेत गेलो. पत्रावळी अशा स्वच्छ, की धुऊन ठेवल्यासारख्या. प्रत्येकीभोवती पाण्याचं गोल फिरवलेलं, आणि उजव्या हाताला भाताचे छोटे छोटे ठिपके. चित्राहुती. जेवायला बसताना देवाच्या नावानं काढून ठेवायचा घास. आमच्या आजोबांनंतर मी ती कुणी घालताना पाहिली नव्हती.

मला भरून आलं, खोटं कशाला सांगू? मी स्नेहलला बोलावून दाखवलं. "बघ. शिकायला आले नाहीत माझ्याकडे, शिकवायला आले."

"कोण बसलं होतं इथं?" तिनं विचारलं.

"असतील गल्लीतले कोणी जुने."

"गल्लीत मराठी घर आपलं एकच आहे, स्वानंद."

मग कॉलोनीतले असतील, मी म्हटलं. ती पत्रावळी उचलायला वाकली आणि शेवटच्या जागेपाशी थांबली. तिथं पत्रावळ नव्हती, पानांचा छोटा द्रोण, आमच्याकडचा दोना, होता. लहान मुलाला वाढतात तसा. त्याच्याभोवतीही पाण्याचं गोल होतं, नीट, एका हातानं फिरवलेलं.

४

पुढे मागची रांग रोज भरायला लागली. ती मंडळी आत कधी येतात हे कुणाच्या लक्षात यायचं नाही. मी दाराशी असायचो, चपलांचा ढीग माझ्या पायाशी, आणि मान वळवून बघावं तर ती बसलेली.

पूर्णिमा नावाची एक पोट्टी होती. शहरातल्या नव्या नव्या जागा शोधून त्यांचे व्हिडिओ टाकायची. तिच्यामुळे आमच्याकडे निम्मी गर्दी यायची, म्हणून मी तिला मानानं पुढच्या रांगेत बसवायचो. एकदा जेवण अर्धं टाकून ती माझ्याकडे आली.

"भैया, पीछे कौन लोग बैठते हैं?"

"काहून?"

"बुरा मत मानना. बहुत तमीज़दार हैं. कोई फ़ोन नहीं देखता, कोई बात नहीं करता. बस..." तिनं ओढणी सावरली. "उनका खाना कब का हो गया. वो उठते नहीं. हम जब तक खा रहे हैं, बैठे रहते हैं. सिर नीचे."

मी मोठ्यानं हसलो. "अगं, तीच तर रीत आहे! सगळ्यांचं झाल्याशिवाय पंगतीतून उठायचं नसते. हे शिका जरा."

ती हसली नाही. पुन्हा आली पण नाही.

भैय्यालालनंही त्याच आठवड्यात मागे वाढायला जाणं सोडलं. "मैं सामने का देख लूँगा भैया. उधर आप जाओ."

"का, काय झालं?"

"उधर कोई हाथ नई रोकता," तो म्हणाला आणि कढईकडे वळला.

म्हणून त्या संध्याकाळी मी स्वतः भाताचं पातेलं घेऊन मागे गेलो. गिटारवाला जोरात गात होता, जमिनीतून ठोका पायाला लागत होता. मी वाकून वाढायला लागलो. वाढणाऱ्याला माणसं वरून दिसतात: नीट पाडलेला भांग, पदराचा काठ, हिरव्या बांगड्यांचं एक मनगट, स्वच्छ कापलेली नखं. सगळ्यांच्या माना खाली. मी 'घ्या, संकोच करू नका' म्हणत होतो. वाढलं की भात संपलेला असायचा. खाताना दिसायचं नाही, संपलेला दिसायचा. मी परत वाढायचो. कुणीही हात आडवा धरला नाही. पातेलं रिकामं झालं तेव्हा ठोका थांबला होता, आणि त्या शांततेत माझ्या लक्षात आलं, की एवढ्या माणसांच्या जेवण्याचा काहीच आवाज होत नाहीये.

मी पुढे येऊन पाणी प्यायलो. स्वतःला म्हटलं, शिस्त आहे ही. आणि कुणी पुरे म्हणत नाही, यापेक्षा यजमानाला मोठा मान कोणता?

५

"तुझ्या लक्षात आलं का?" स्नेहलनं एकदा पायरीवर माझ्याशेजारी बसत विचारलं. "त्या घरातली फोडणी बंद झाली."

मी चहा प्यायचा थांबलो. खरंच, वास नव्हता. कधीपासून नव्हता? आठवून बघितलं तर आम्ही सुरू केलं त्या दिवसापर्यंत आठवत होता. त्यानंतर नाही.

"असेल कुठल्या तरी मागच्या घरातला," मी म्हटलं.

"मागे नाली आहे नुसती."

ती आत गेल्यावर मी उठून त्या दारापाशी गेलो. उंबऱ्यावर अक्षतांचा एक दाणा नव्हता. चिमण्या असतात, मुंग्या असतात. पत्र्याच्या दाराला एका कडेनं फट होती, तिला डोळा लावला. मला जाळी, कचरा, उंदीर अपेक्षित होते.

खोली झाडलेली होती. जमीन शेणानं सारवलेली, त्यावर बोटांच्या ओळी ताज्या. मागच्या भिंतीला मातीची चूल, पोतेरं फिरवलेली, थंड. चुलीवर एक पातेलं पालथं घालून ठेवलेलं. आज घरी जेवायचं नाही असं ठरल्यावर बाईमाणूस आवरून निघते, तशी ती खोली होती. मी कुलूप हातात घेऊन बघितलं. गंजानं ते कडीला असं धरलं होतं, की किल्ली असती तरी फिरली नसती.

घराचा मालक भाटापाऱ्याकडे कुठेसा असतो. येत असेल मधूनमधून, मागच्या बाजूनं, हे मी मनाशी ठरवून टाकलं. मागे नुसती नाली आहे हे स्नेहलनं सांगितलेलं असूनही.

६

मग मागच्या रांगेतली मंडळी त्याच्या पुढच्या रांगेत बसायला लागली. मग तिच्याही पुढच्या. कॉलोनीची गिऱ्हाइकं दारापर्यंत येऊन, आत बघून, 'आज फुल है शायद' म्हणत गच्चीवरच्या गाण्याकडे जायची. त्यांना दुखवलं तरी नाही कुणी. जागाच नसायची. आमची पंगत गल्लीत सगळ्यात भरलेली होती. मी हे फोनवर लोकांना सांगायचो, आणि सांगताना माझा आवाज चढायचा.

स्नेहल एक दिवस भडकलीच. "कोणाले वाढून राहिला तू? एकाचा तरी चेहरा पाहिला का?"

"पाहुण्याच्या तोंडाकडे बघत नसतात वाढताना."

"आणि श्रावणी? ती तिकडे पाणी वाढते रोज. पंगतीत पाणी पोरांनी वाढायचं, तूच शिकवलं. विचार तिले ती कोणाशी बोलते."

श्रावणी जिन्यावर बसून चिमीची वेणी घालत होती. मी विचारलं. "काकू आहेत ना एक," ती म्हणाली, "त्या मले नाव विचारतात. चिमीचं पण विचारलं. आजोबा कुठं राहतात विचारलं. मी सांगितलं, समता कॉलोनी."

"दिसतात कशा त्या?"

तिनं विचार केला. "खाली बघून बोलतात," ती म्हणाली.

तेव्हा मला भीती वाटली.  मी तिला पाणी वाढायला बंदी केली आणि नानांना बोलावून घेतलं.

नाना काठी टेकत आले. गुडघ्यांमुळे त्यांना जमिनीवर बसवत नाही, म्हणून त्यांच्यासाठी ठेंगणं स्टूल ठेवलं. पुढच्या एकमेव मोकळ्या रांगेत बसून ते जेवले, मागे वळून वळून बघत. सगळं आटोपल्यावर मी त्यांना चित्राहुती आणि पाण्याची गोलं दाखवली, आणि आवतण कसं दिलं तेही सांगितलं. मला वाटलं होतं शाबासकी मिळेल.

"वार कोणता सांगितला होता?" नानांनी विचारलं.

"वार?"

"आवतण देताना वार सांगावा लागते. अमुक वारी, अमुक वेळेला. गल्लीतल्या बाकीच्यांना ठाऊक होतं उद्घाटन केव्हा आहे. यांना तू काय म्हटलं?"

पंगत आपलीच समजा, असं म्हटलं होतं मी. नाना स्टुलावर बसून राहिले. पिवळ्या दिव्यात ते एकदम म्हातारे दिसले.

"चूल बंद करायला लावलीस त्यांची," ते म्हणाले, "आणि पेटवायची केव्हा ते सांगितलं नाहीस."

"मग आता हात जोडून निघा म्हणू? आपल्या घरातून पाहुण्याला असं म्हटलंय कोणी कधी?"

नानांनी काठीला हात घातला. हो तरी कसे म्हणतील? मला हा ताठा त्यांनीच दिलेला.

७

मी मार्ग काढला, आणि तो माझ्या घराण्याला शोभेल असा काढला. पाहुण्याला जा म्हणायचं नाही. पण विडा तर देता येतो. जेवण पूर्ण झालं, आता आपण मोकळे, हे विड्यानं न बोलता सांगितलं जातं.

दुसऱ्या दिवशी मी बाहेर 'बंद' अशी पाटी लावली. गिटार नाही, गिऱ्हाईक नाही. भैय्यालालकडून गोडाधोडाचा स्वयंपाक करवून घेतला. दिवे लागल्यावर खाली आलो तेव्हा सगळ्या रांगा भरलेल्या होत्या, पहिल्यासुद्धा. मी वाढलं, पुन्हा पुन्हा वाढलं. मग प्रत्येक पत्रावळीपाशी एक विडा ठेवत गेलो, शेवटच्या दोन्यापाशी बत्तासा ठेवला, आणि दाराशी उभा राहून हात जोडले.

"मंडळी, आपण माझ्या पंगतीला मान दिला. काही कमी पडलं असेल तर सांभाळून घ्या. आता विडा घ्यावा."

मी डोळे मिटले होते. उघडले तेव्हा गोदाम रिकामं होतं. एकही विडा उरला नव्हता.

मला किती हलकं वाटलं! दुसऱ्या संध्याकाळी मी पायरीवर बसलो आणि शेजारून फोडणीचा वास आला. मोहरी, लसूण, किंचित धूर. मी स्नेहलला हाका मारून बोलावलं. तिनं वास घेतला आणि किती तरी दिवसांनी पहिल्यांदा माझ्या खांद्यावर डोकं टेकलं.

"पेटली बाई एकदाची," ती म्हणाली.

"बघ," मी म्हटलं, "अपमान न करता पाहुणा कसा पाठवायचा असतो."

आम्ही तसेच बसलो होतो. वास बदलत गेला. तुपाचा आला, वेलचीचा आला. मग पुरण शिजतंय असा गोड, जड वास. रोजच्या जेवणाचा नव्हता तो. सणाचा होता, किंवा पाहुणे यायचे असतात तेव्हाचा.

"कोणाचं जेवण असेल?" स्नेहल म्हणाली.

मागून श्रावणी जिना उतरून आली. तिनं स्वतःच जरीचा परकर घातला होता, चिमीलाही नवा फ्रॉक. "बाबा, वर काकू आल्या होत्या," ती म्हणाली. "म्हणाल्या, आज आमच्याकडे. चूलबंद. तू पण, आई पण, आजोबा पण. चिमीले पण."

मी वर धावलो. आमच्या खोलीच्या उंबऱ्यावर कुंकवाच्या अक्षता होत्या. नीट, बोटाच्या चिमटीतून ठेवलेल्या.

स्नेहल आधी स्वयंपाकघरात गेली. तिनं गॅस लावला. लागेना. काडी पेटत होती, गॅसचा वास येत होता, पण बर्नरला ज्योत धरेना. खाली भैय्यालाल मोठ्या भट्टीशी तेच करून बघत होता. सिलेंडर बदलून बघितला. शेवटी तो टॉवेल खांद्यावर टाकून म्हणाला, "ये चूल्हा आज नई जलेगा भैया," आणि माझ्याकडे न बघता निघून गेला.

मी वेळ घालवला नाही. स्नेहल आणि श्रावणीला ऑटोत बसवून नानांकडे पाठवलं.

"तू काय करशील?" स्नेहलनं माझं मनगट धरून विचारलं.

"मी जाईन. घरटी एक. यजमानाचा मान एकानं गेल्यानंही राहते."

"नको जाऊ. चल आमच्यासोबत."

"आणि त्यांनी तिथं येऊन बोलावलं तर?"

तिनं मनगट सोडलं. श्रावणी मागच्या काचेतून गल्लीकडे बघत होती, माझ्याकडे नाही.

मी लग्नातला कोट घातला. हे हसण्यासारखं वाटेल, पण भीती वाटत असताना माणसानं नीट कपडे घालावेत असं माझं मत आहे. माझ्या लेकीच्या वाट्याचं मी निस्तरायला निघालो होतो. त्या क्षणी मला स्वतःचा जेवढा अभिमान वाटला, तेवढा 'पंगत' भरल्यावरही वाटला नव्हता.

शेजारच्या दाराचं कुलूप पायरीवर काढून ठेवलेलं होतं.

८

मी आता इथे बसलो आहे. खोली तीच, फटीतून पाहिलेली. चुलीत जाळ आहे, पण तिच्यापुढे कुणी दिसत नाही. आत कुठेतरी पदर सावरल्यासारखी हालचाल होते आणि थांबते. मी आल्या आल्या हात जोडून म्हटलं, "आमच्याकडून घरटी एक समजावं."  माझ्यापुढे रांगोळी घातलेला पाट होता, त्यावर बसलो.

माझ्या शेजारी आणखी एक पाट आहे, पत्रावळ मांडलेली. त्याच्या पलीकडे पाट नाही, ठेंगणं स्टूल आहे. त्याच्या पलीकडे एक लहान पाट, दोना, छोटं फुलपात्र. आणि त्याच्याही पलीकडे हातभरसुद्धा नाही असा एक पाट, त्याच्यासमोर पळसाच्या एका पानाचा तुकडा. त्यालाही रांगोळी आहे.

मी पत्रावळीवर हात आडवा धरला. पुरे, म्हणून. वाढायला कुणी आलंच नाही. त्यांना घाई नाही. सगळे बसल्याशिवाय वाढायचं नाही.

एवढ्यात फोन वाजला. नाना. इतक्या वर्षांत मी त्यांचा आवाज इतका खूश ऐकला नव्हता.

"अरे, इथेही गॅस लागून नाही राहिला," ते म्हणाले. "आणि दारात अक्षता! तू काहून सांगितलं नाही, मलेही आवतण आहे म्हणून? घरी येऊन, नाव घेऊन बोलावलं रे. असा मान आजकाल देते का कोणी?"

"नाना, येऊ नका," मी म्हटलं. "स्नेहलला फोन द्या. नाना!"

"ती श्रावणीची वेणी घालून राहिली. आवतण मोडायचं नसते बाबा. आम्ही निघालो." त्यांच्यामागे ऑटोची घरघर ऐकू येत होती. नुकते निघाले नव्हते, निघून बराच वेळ झाला होता.

मी उठायला गेलो. पण पंगतीतून मध्येच उठायचं नसतं, आणि मला उठता येईना.

गल्लीच्या तोंडाशी ऑटो थांबल्याचा आवाज आला. मग नानांची काठी, फरशांवर. मग पैंजण, धावत येणारे, मागे स्नेहलची हाक, "हळू, श्रावणी!" त्या हाकेत भीती नाही. जेवायला जाताना मुलांना मारतात तशी ती हाक आहे.

आत चुलीपाशी पातेल्यावरचं झाकण उचललं गेलं. वाढायला घेतलं आहे.